अंगठ्याची वाट

४ फेब्रुवारी

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आज माझा अंगठा धरून असा काही पिरगाळला, की मी मनात त्यांना जे म्हटलं ते इथेही लिहिण्यासारखं नाही. मग एक्स-रे उजेडात धरून म्हणाल्या, "बुडाचा सांधा झिजलाय. या अंगठ्याने दिवसभर दाबता काय तुम्ही?"

"गिटारची दांडी."

"मग दाबू नका."

झालं. तीस वर्षं सुचलं नाही मला! दांडीच्या मागे डावा अंगठा टेकवल्याशिवाय पुढून बोटांनी तारा दाबायच्या कशा, हे त्या एक्स-रेत दिसत नसावं.

एप्रिलच्या शेवटी माझा कार्यक्रम आहे. माझा म्हणजे माझ्या एकटीचा. आजवर मी सतत कुणाच्या तरी मागे बसून वाजवलं. गाणाऱ्यांच्या मागे, नाचणाऱ्यांच्या मागे, जेवणाऱ्यांच्या तर किती मागे! आता पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ माझी, आणि नेमकी आत्ताच अंगठ्याची वाट लागली. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "छोटीला दाखव."

"तुझी बहीण काय हाडवैद्य आहे?"

"दांडी तिनेच केलीय ना? दुखतं दांडीमुळे, तर दांडीवालीकडे जा."

त्याचं बरोबर असलं की मला जास्त राग येतो.

६ फेब्रुवारी

गेले नाही. डोकं दुखत होतं. अंगठाही.

९ फेब्रुवारी

शेवटी गेले. वन्संचं दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे लाकूड, आणि मधे वन्सं. घरात त्यांना छोटी म्हणतात, पण दारातून येताना त्यांना खांदे तिरके करावे लागतात. वयाने माझ्याहून लहान. लग्नात सासूबाईंनी "नणंदेला वन्सं म्हणायचं, अहो म्हणायचं" असं बजावलं होतं. बाकी काही पाळलं नाही, एवढं मात्र मी मुद्दाम पाळते, कारण ते वन्संना आवडत नाही.

मी अंगठा पुढे केला. त्यांनी तो पिरगाळला नाही. नुसता तळहातावर ठेवून घेतला, पाखराचं पिल्लू ठेवावं तसा, आणि म्हणाल्या, "तुझी ती संथ रचना आहे ना, वहिनी, गाणारे उठले की शेवटी एकटी वाजवतेस ती? तिच्या मध्यावर तू अंगठा सोडतेस. आधी नव्हतीस सोडत. गेल्या वर्षापासून सोडतेस."

बघा! लोकांना सूर ऐकू येतात, यांना चुका दिसतात. मी वाजवते त्या एकूण एक कार्यक्रमाला ही बाई दुकान लवकर बंद करून येते, शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसते आणि टाळी म्हणून वाजवत नाही. कारण उघड आहे. गिटार त्यांनी केलेली. आपला माल कसा वाजतो ते बघायला येतात.

वरच्या फळीवर सहा-सात दांड्या पडलेल्या दिसल्या. एक चपटी, एक त्रिकोणी पाठीची, एक एकाच अंगाला सुजल्यासारखी. प्रत्येकीवर पेन्सिलीने ‘व’ आणि पुढे आकडा. व एक, व दोन, असं. ‘व’ म्हणजे ‘वाया’ असणार. काय आहे हे, म्हणून विचारलं तर वन्संनी घाईघाईने त्यावर कापड ओढलं. धंद्यातलं अपयश कोण दाखवतं! मीही पुढे विचारलं नाही, तेवढी रीत मला कळते.

१२ फेब्रुवारी

मला एक झकास कल्पना सुचली आहे. हातोडीची मूठ, कात्रीची कडी, सगळं हाताच्या आकाराचं करतात. मग गिटारची दांडी सरळसोट गोल पाठीची का? मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा घेतला, गिटारवर बोटं ठेवतो तशी मूठ त्यावर आवळली. अंगठ्याचा खळगा, तळव्याचा उंचवटा, सगळं उमटलं. तो घेऊन दुकानात गेले.

वन्सं बराच वेळ गोळा फिरवत बसल्या. "मूठ वेगळी, वहिनी. दांडी वेगळी."

"तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, वन्सं."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले. त्यांनी गोळा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, "हात तुझा. करून देते."

२३ फेब्रुवारी

आज मातीवाली दांडी तयार झाली. जुन्या एका गिटारला बसवून दिली. हातात घेतली आणि मी ओरडलेच. इतकी बसली हातात! अंगठा खळग्यात, तळवा उंचवट्यावर. पहिला कॉर्ड धरला, दुखलं नाही. मी वन्संकडे असं काही पाहिलं की बस्स.

मग दुसरा कॉर्ड. तो तीन फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या तीन पट्ट्या पुढे. हात सरकवला तर अंगठा खळग्याच्या काठावर अडकला, उंचवटा बोटांखाली आला, आणि सगळा हात उताणा पडला. परत मागे आणला, तर लगेच बसला. पुढे नेला, अडकला. एका जागी राजासारखी बसायची सोय होती, फक्त तिथून उठायची नव्हती. दांडी हातात बसली, पण हातच बसला.

नवरा सोबत होता, तो हसून हसून भिंतीला टेकला. वन्सं हसल्या नाहीत. "मूठ एका जागी धरायची असते, वहिनी," एवढंच म्हणाल्या. "तुला कुठे एका जागी राहायचंय?"

वाटलं, चांगलं सुनावतील. मी वाट बघत होते. त्यांनी दांडी सोडवली आणि मला चहा विचारला.

१ मार्च

सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन. आवाज एकदम मधाळ. "मॅडम, तब्येतीचं कानावर आलं. काळजी घ्या. तुमचीच ती जुनी विद्यार्थिनी, ती तयार आहे हो ऐनवेळी. वीस तारखेपर्यंत सांगितलंत तर पत्रिका बदलता येईल."

माझी विद्यार्थिनी! आणि ती चांगली वाजवते, हेच तर वाईट आहे. बोटं कशी ठेवायची ते मीच शिकवलं तिला.

आज पाचव्या मिनिटालाच कळ आली. बोथट दुखणं नाही हे, सुई घालून फिरवल्यासारखं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. ही संध्याकाळ गेली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, आणि मी पुन्हा जेवणाऱ्यांच्या मागे जाऊन बसेन.

३ मार्च

वन्संनी बोलावून घेतलं. लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याजवळ पांढऱ्या, बिनपॉलिशच्या दांडीची गिटार ठेवली होती. सुतार दोरीला लावून लाकडावर रेघ मारतात ती निळी पूड त्यांनी माझ्या अंगठ्याला फासली. "वाजव."

"काय वाजवू?"

"काहीही. मुलांचे धडे वाजव, संथ रचना वाजव. फक्त नीट वाजवायला जाऊ नकोस. नीट वाजवायला गेलीस की तू अंगठा पाठ केलेल्या जागी ठेवतेस."

मी वाजवत राहिले, त्या पूड लावत राहिल्या. मधे दोन गिऱ्हाइकं आली ती तशीच परत पाठवली. शेवटी गिटार उलटी करून मांडीवर घेतली, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो.

अंगठा मधोमध सरळ रेषेत जातो, असं मी आजवर पोरांना शिकवत आले. निळे ठसे तसं म्हणतच नव्हते. दांडीच्या डोक्याकडे ते जाड तारांच्या कडेला, तिरके. तिथून गिटारच्या पोकळ खोक्याकडे येता येता हळूहळू मधे, आणि खोक्याजवळ चक्क बारीक तारांच्या बाजूला उतरलेले. घाटातल्या रस्त्यासारखी वळत गेलेली निळी पट्टी.

"ही बघ," वन्सं म्हणाल्या, "अंगठ्याची वाट."

"ती तर लागलीच आहे."

त्या फसकन हसल्या. लाकडाचा भुसा उडाला. मग लगेच गंभीर झाल्या आणि बोट त्या पट्टीवरून फिरवत म्हणाल्या, "तुझा अंगठा या वाटेने जायला बघतोय, आणि गोल पाठीवर त्याला टेकायला जागाच नाही. घसरू नये म्हणून बिचारा दाबत बसतो. त्याला चालायला सपाट रस्ता करून देऊ."

बिचारा म्हणे! अंगठ्याबद्दल एवढी माया. अंगठ्याच्या मालकिणीला कधी म्हटलं नाही.

१४ मार्च

नवी दांडी आली. देवा, काय कुरूप आहे!

पाठ गोल नाही. सहा बाजूंच्या पेन्सिलीसारखे पैलू आहेत, आणि त्यातला सगळ्यात रुंद पैलू निळ्या ठशांच्या वाटेने वळत वळत खाली आलेला. जाड तारांच्या अंगाला दांडी जाड, बारीक तारांच्या अंगाला पातळ. कुणी ओली असताना पिळून वाळत घातली असावी अशी दिसते. बुडाशी पेन्सिलीने ‘व आठ’ लिहिलेलं. म्हणजे वाया गेलेल्या लाकडातलीच दिसते. मी खोडरबर मागितलं आणि ते पुसून टाकलं. वन्सं बघत होत्या.

हातात धरली तर सगळीकडे कोन. "वन्सं, मी यावर वाजवू की चित्रं काढू?"

"आठवडाभर वापर."

"लोक हसतील."

"लोकांना पुढची बाजू दिसते. पाठ तुझ्याकडे असते."

मी जोरात दार लावून आले.

१५ मार्च

गिटार कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी केली आहे. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही.

१७ मार्च

वाजवली. थोडा वेळ बरं वाटलं, मग तीच कळ, त्याच जागी. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नवऱ्याला नळाचा आवाज ऐकू आला असणार, कारण तो आत आला नाही. उद्या व्यवस्थापकाला फोन करून टाकते. एकदाचं संपवते.

१८ मार्च

फोनला हात लावणार तोच वन्सं दारात. नवऱ्याने कळवलं असणार, तो कबूल होत नाही.

"वाजव," म्हणाल्या. मी वाजवलं. त्या मागे जमिनीवर बसून दांडीची पाठ बघत होत्या. एवढी मोठी बाई जमिनीवर मांडी घालून!

"रस्ता केला तरी तू अजून भिंत धरूनच चालतेस, वहिनी. घसरणार नाहीस आता. मग दाबतेस का?"

"मला काय माहीत का! तीस वर्षं दाबतेय!"

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. एक बिस्कीट अंगठा आणि दांडीच्या मधे ठेवलं. "मोडायचं नाही. पाडायचं नाही. वाजव."

पहिलं पहिल्याच कॉर्डला मोडलं. दुसरंही. नवरा येऊन बसला आणि तुकडे खायला लागला, त्यामुळे माझी चिडचिड आणखी वाढली. "त्याला देऊ नका हो, तो मुद्दाम मला चुकवेल!" सातवं की आठवं बिस्कीट मात्र राहिलं. गोल पाठीवर ते कधीच राहिलं नसतं, त्या रुंद पैलूवर नुसतं टेकून राहिलं. मी श्वास रोखून एक अख्खी ओळ वाजवली. तारा दाबल्या गेल्या होत्या, सूर स्वच्छ आला होता, आणि अंगठ्याने काहीच केलं नव्हतं.

मग कोण दाबत होतं? वन्संनी माझ्या कोपरावर बोट ठेवलं. "हाताचं वजन. ते फुकट असतं."

पुडा संपला. नवरा म्हणाला, उद्या क्रीमवाली आणा.

२० मार्च

व्यवस्थापकाला फोन केला. "पत्रिका तशीच राहू दे. मीच वाजवणार."

"नक्की ना मॅडम? अंगठा..."

"अंगठा मजेत आहे. तुम्हाला दाखवू का?"

फोन ठेवला. बोलून तर बसले.

२ एप्रिल

आज बिस्किटाशिवाय. सकाळी सुरू केलं, आणि मधेच लक्षात आलं की ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं आहे आणि मी अंगठ्याचा विचारच केलेला नाही. घाबरून थांबले. दाबून बघितला. जागेवर होता.

कोन आता कोन वाटत नाहीत. हात सरकतो तसा पैलू स्वतःच वळतो आणि मनगट त्याच्यामागून वळतं. आणि खोक्याजवळच्या सुरांसाठी मला पूर्वी खांदा उचलावा लागायचा, तो आता आरामात खाली असतो. ही दांडी कुरूप आहे असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेते. ती कामसू आहे.

वन्सं बघून गेल्या. एका जागी पैलूची धार लागते म्हटल्यावर खिशातून पॉलिश पेपर काढून तिथल्या तिथे घासली. म्हटलं, "या दांडीचं तुमच्या धंद्यात नाव होईल. मग मजा आहे तुमची."

त्या काहीतरी विचित्र नजरेने माझ्याकडे बघत राहिल्या. "हो," म्हणाल्या. "त्यासाठीच केली."

तेच तर मी पहिल्यापासून म्हणते आहे. पण मला त्याचं आता वाईट वाटत नाही. माझं भलं झालं, त्यांचं भलं होऊ दे.

१९ एप्रिल

नवऱ्याला समोर खुर्चीत बसवून सगळा कार्यक्रम सुरुवातीपासून वाजवला. तो संथ रचनेत झोपला. पण मी शेवटपर्यंत पोचले. मध्यावर अंगठा सोडला की नाही? घरी तरी सोडला नाही. घर वेगळं आणि मंच वेगळा. घरात सगळेच वाघ असतात.

२५ एप्रिल

साडीऐवजी तो बिनबाह्यांचा काळा ड्रेस घालणार आहे, कोपर मोकळं हवं. विद्यार्थिनीचा फोन आला, "बाई, मी पहिल्या रांगेत बसणार." आवाजात लबाडी नव्हती. मी किती वाईट विचार करते लोकांबद्दल.

२७ एप्रिल

आज. सकाळपासून नवरा चहावर चहा करतो आहे, म्हणजे त्यालाही भीती वाटते आहे. वन्संनी तारा काल बदलल्या. त्यांना म्हटलं, पुढे बसा आज. म्हणाल्या, "नको, मागूनच बरं असतं. डोळे भरले तरी कुणाला..." आणि मग एकदम, "पंखा लागतो पुढे," असं म्हणून निघून गेल्या. पंख्याचं काय एवढं!

२८ एप्रिल, सकाळ

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर मीच उद्या तिखटमीठ लावीन.

सभागृह भरलं होतं. मागे काही लोक उभे होते. पहिल्या रचनेत बोटं लाकडासारखी झाली होती आणि दोन सूर सरळ सरळ चुकले. तीन जणांना कळलं असेल: मला, विद्यार्थिनीला आणि शेवटच्या रांगेला. दुसऱ्या रचनेत हात तापला. तिसरीत मी लोकांना विसरले. मध्यंतरात आत जाऊन सवयीने बर्फाच्या भांड्यात अंगठा घालायला गेले आणि भांड्यापाशी नुसती उभी राहिले, कारण त्याला बर्फ कशाला हवा हेच कळेना.

शेवटी संथ रचना. या रचनेत लपायला जागा नसते. एक सूर, मग शांतता, मग दुसरा. मध्यावर पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबून धरायच्या असतात, आणि तशाच धरून उरलेल्या बोटांनी वर चढत जायचं. इथेच माझा अंगठा सुटायचा, सूर मरायचा, आणि मी मान हलवून असं दाखवायचे की मला तेच हवं होतं.

ती जागा आली. मी बोट आडवं टाकलं. खांदा सोडला, कोपर सोडलं, हाताचं वजन तारांवर जाऊ दिलं. अंगठा पैलूवर नुसता टेकलेला. सूर धरला गेला. मी चढायला लागले आणि पैलू वळत गेला, मनगट वळत गेलं, आणि सूर तसाच होता, जिवंत, सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत. मी तो हवा त्याहून जास्त वेळ धरून ठेवला. निव्वळ माज म्हणून धरला! सोडावासाच वाटेना. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तो सूर मी सोडला म्हणून संपला.

शेवटचा सूर विरला तेव्हा कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं हे यांना कळलंच नाही की काय.

आणि मागून शिट्टी आली.

साधी नव्हे. तोंडात दोन बोटं घालून मारलेली, कानठळ्या बसवणारी, मैदानावर मारतात तशी शिट्टी. सगळं सभागृह मागे वळलं. शेवटच्या रांगेत वन्सं उभ्या होत्या. तोंडात बोटं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पुन्हा शिट्टी. मग लोक उठले. टाळ्यांनी छत खाली येईल असं वाटलं, पण त्या सगळ्यावरून ती शिट्टी ऐकू येत होती. पडद्याच्या बाजूला उभा असलेला नवरा तोंड उघडं टाकून म्हणाला, "अगं, लहानपणी मारायची ती अशी! आईने बंद केली होती!"

तेवढ्यात दारावरचा माणूस टॉर्च घेऊन वन्संकडे धावला. त्याच्या हातवाऱ्यांवरून दिसत होतं, बाई, हे सभागृह आहे, गप्प बसा, नाहीतर बाहेर व्हा. वन्सं ओशाळल्या. एवढं थोरलं माणूस खांदे आवळून खाली बसायला लागलं.

नमस्कार, आभार, चार शब्द बोलायचे ठरवले होते ते, सगळं राहिलं. मी माईक ओढला आणि ओरडले, "ओ दादा! नणंद आहे ती माझी! वाजवू दे तिला!"